वाकड्या कडेचं शिसं

"त्या कप्तानाच्या बोटीवर? शिंगे, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?" लंबूच्या हातातलं बिस्कीट चहातच पडलं.

"त्याच्याच बोटीवर!" शिंगी म्हणाली. "तुझ्या मामांनी जागा पक्क्या केल्यात. सुट्टी आहे, स्पर्धा आहे, आणि आपल्यातलं कुणी अजून खोल समुद्रात गेलेलं नाही. आणखी काय हवं?"

"आणि तुला काय हवंय?" रेडिओने विचारलं. एकदा सुरू झाली की बंद व्हायची नाही, म्हणून या मुलीचं नाव रेडिओ.

शिंगीने खिशातून शिशाचा एक गोळा काढून टेबलावर ठेवला. गळ खोल जावा म्हणून दोरीला बांधतात तसला, चांगला पाव किलोचा. साचा नीट न जुळल्यामुळे त्याच्या पोटावर एक वाकडी कड उमटली होती.

"मला सूड हवाय," ती म्हणाली. रेडिओसुद्धा क्षणभर बंद पडली.

शिंगी हे नाव आजोबांनी ठेवलेलं. शिंगी मासा दिसायला एवढासा, पण काटा मारला की भला माणूस थयथयाट करतो! गेल्या वर्षीच्या स्पर्धेत आजोबांची सुरमई पहिली आली होती. इतक्यात कप्तान ओरडला, "वजन जास्त वाटतंय, चिरून बघा!" चिरली, तर आतून हे शिसं निघालं. आजोबा परोपरीने सांगत होते, "माझा बर्फ संपला म्हणून मासा याच्याच पेटीत ठेवला होता. हे शिसं माझं नव्हे." पण ऐकतो कोण! चाळीस वर्षं समुद्रावर घालवलेला माणूस दहा मिनिटांत लबाड ठरला. तेव्हापासून पहिल्या नंबरचा मासा सगळ्यांसमोर चिरायचा, असा नियम झाला. तोही कप्तानाच्याच आग्रहाने!

आजोबा त्या दिवसापासून धक्क्यावर फिरकले नव्हते. भाजी आणायलाही मागच्या गल्लीने जायचे. त्यांची बोट अंगणात पालथी पडली होती. शिंगी रोज शाळेतून आली की ती बोट बघायची आणि खिशातलं शिसं मुठीत आवळायची. वर्षभरात तिचा राग तसूभरही कमी झाला नव्हता.

शनिवारी सकाळी बोट निघाली. कप्तान भलताच खुशीत होता. "या, या, पोरांनो! आजोबांची नातही आली का? वा! फक्त माशाला शिसं खाऊ घालू नकोस हं!" आणि तो स्वतःच खो खो हसला.

शिंगी गोड हसली. "नाही हं, कप्तानकाका."

"ही हसली की मला भीती वाटते," लंबू पुटपुटला.

तासाभरात किनारा दिसेनासा झाला. हिरवं पाणी निळं झालं, निळ्याचं जवळजवळ काळं झालं. चहूकडे नुसतं पाणी! रेडिओ आनंदाने किंचाळत होती. लंबूचे मामा मात्र शाळेत चित्रकला शिकवणारे, समुद्र त्यांनी फक्त कागदावर काढलेला. ते बर्फाच्या पेटीशेजारी आडवे झाले आणि क्षीण आवाजात म्हणाले, "बादली..."

बादली शोधायला शिंगी आतल्या खोलीत धावली. बाकाखाली हात घातला तर हाताला लागला एक पत्र्याचा डबा. आत शिशाचे पाच गोळे, आणि दोन फळ्यांचा लाकडी साचा. तिने खिशातला गोळा काढून शेजारी धरला. तीच कड. तितकीच वाकडी!

तिचे कान तापले. डबा उचलून सरळ कप्तानाच्या टकलावर आपटावा असं तिला वाटलं. पण तिने तो होता तिथे ठेवला आणि बादली घेऊन बाहेर आली.

"सांगून टाकू सगळ्यांना!" रेडिओ कुजबुजली. तिची कुजबुज म्हणजे दुसऱ्याचं बोलणं.

"हळू! तो म्हणेल, शिसं तर सगळ्यांकडेच असतं. त्यापेक्षा मी त्याच्या माशाच्या पोटात गेल्या वर्षीचं हे शिसं घालते. सगळ्यांसमोर निघू दे!"

लंबूने डोकं खाजवलं. "तो म्हणेल, पोरांनी घातलं. आणि खरंच पोरांनीच घातलेलं असेल."

लंबूचं बोलणं बरोबर होतं, म्हणूनच शिंगीला त्याचा राग आला.

इतक्यात कप्तानाला सुरमई लागली. भली थोरली! त्याने ती ओढून काढली, शेपटीला लाल चिंधी बांधली आणि डोक्याकडून बर्फात खुपसली. "यंदाही पहिला नंबर कुणाचा?" त्याने मिशीला पीळ दिला.

त्याचं वाक्य संपतंय न संपतंय तोच लंबूच्या हातातली दोरी सणसणत सुटली!

"धरा! धरा मला!"

रेडिओने लंबूची कंबर धरली, शिंगीने दोरी. हाताची सालटी निघाली, पाय घसरले. मासा बोटीखाली शिरला, पुन्हा बाहेर आला. "सैल सोड! आता ओढ!" शिंगी आजोबांच्याच शब्दांत ओरडत होती. पाऊण तासाने फळ्यांवर येऊन आपटली ती सुरमईच, कप्तानाच्या सुरमईची जुळी बहीण शोभेल अशी.

कप्तानाने ती उचलून पाहिली आणि त्याचं हसू मावळलं. हातानेच त्याला कळलं, ही जरा जड आहे. त्याने मुकाट्याने पिवळी चिंधी बांधून ती आपल्या सुरमईशेजारी उभी केली. बर्फातून फक्त दोन शेपट्या वर दिसत होत्या. मग तो खोलीत गेला आणि आला, तेव्हा त्याच्या सदऱ्याचा खिसा खाली ओघळला होता.

"आजोबांचं केलं तेच आपलं करणार हा," शिंगी म्हणाली. ती शेपट्यांकडे बघत होती. मग एकदम तिचे डोळे चमकले. "चिंध्या बदलू!"

"म्हणजे शिसं त्याच्याच माशात!" रेडिओने स्वतःच्याच तोंडावर हात दाबला.

"पण मग त्याचा मासा जड होईल," लंबू म्हणाला. "आपला पहिला नंबर जाईल ना!"

"जाऊ दे! चिरतात कुठला मासा? पहिल्या नंबरचा."

लंबूने पिवळ्या चिंधीकडे एकदा हळहळून पाहिलं. आयुष्यातला पहिला मोठा मासा होता तो! "बदल," तो म्हणाला.

कप्तान सुकाणू हाती घेऊन बोट वळवत होता, तेवढ्यात काम झालं. थोड्याच वेळात त्याने हाक मारली, "पोरांनो, पुढच्या टोकाला जा! डॉल्फिन दिसतायत!"

डॉल्फिन कुठले! पण पोरं टोकाला उभी राहून नसलेल्या डॉल्फिनांना टाळ्या वाजवत राहिली. रेडिओने तर सात मोजले. पाठीमागे बर्फ खसखसला. दहा वर्षं जिंकत आलेल्या माणसाने आपला मासा ओळखायला हवा होता. पण घाईत त्याने नुसती चिंधी पाहिली. तो पुन्हा सुकाणूवर गेला, तेव्हा शिंगीने चिंध्या पुन्हा जागच्या जागी बांधल्या.

संध्याकाळी धक्क्यावर ही गर्दी! काट्यापाशी मावशी बसल्या होत्या. तीस वर्षं त्याच मासे तोलत होत्या आणि त्यांच्या काट्यापुढे कुणी ब्र काढत नसे.

"पोरांची सुरमई, अकरा किलो तीनशे!"

टाळ्या कडाडल्या. कप्तान सगळ्यात जोरात वाजवत होता.

"कप्तानाची... अकरा किलो चारशे! पहिला नंबर!"

कप्तान चमकला. कुठेतरी काहीतरी चुकलं होतं. पण जिंकलेला माणूस फार विचार करत नाही. "ऐकलंत ना! चिरा मावशी, खुशाल चिरा!" म्हणत त्याने स्वतःच सुरी पुढे केली.

मावशींनी सुरी फिरवली. ठक्! फळीवर शिशाचा गोळा पडला.

मागची माणसं टाचा उंचावून बघू लागली.

"पोरांनी घातलं हे!" कप्तान ओरडला. "लबाडाची नात आहे ही!"

"थांबा! औषध नव्हतं ते?" मागून क्षीण आवाज आला. मामा बादली कवटाळून उभे होते. "तुम्हीच तर घातलंत ना माशाच्या तोंडात, काठीने ढकलून? मी पेटीशेजारीच पडलो होतो. मला वाटलं, माशालाही बोट लागली असेल."

गर्दीतून हशा उसळला. शिंगी मात्र हसली नाही. तिने खिशातला गोळा काढून दुसऱ्याशेजारी ठेवला. "मावशी, हा गेल्या वर्षीचा. कड बघा. आणि याचा साचा कप्तानाच्या बोटीत बाकाखाली पत्र्याच्या डब्यात आहे."

डबा आला. मावशींनी दोन्ही गोळे साच्यात बसवून पाहिले. मग त्या कप्तानाकडे वळल्या. "वर्षभर तुझ्यापायी एका भल्या माणसाला मी माझ्या तोंडाने लबाड म्हटलं! चालता हो. माझ्या काट्यावर पुन्हा पाय ठेवायचा नाही." कप्तान वाट काढत निघाला, पण कुणी बाजूला सरकेना. एकेकाच्या खांद्याला धडकत त्याला जावं लागलं. शिंगीने ते शेवटपर्यंत डोळे भरून पाहिलं. तिला बरं वाटलं, खूपच बरं वाटलं.

"पोरांनो, पहिला नंबर तुमचा," मावशी म्हणाल्या. "मोठ्यांना जे वर्षभरात दिसलं नाही, ते तुम्ही एका दिवसात दाखवलंत. पण आधी चला माझ्याबरोबर." आणि सुरी, काटा, सगळं तिथेच टाकून त्या आजोबांच्या घराकडे निघाल्या. मागून अख्खा धक्का!

दारातच मावशींनी हात जोडले. "चुकले मी."

आजोबांनी डोळे पुसले, खुंटीवरची टोपी घातली आणि धक्क्यावर निघाले. मागच्या गल्लीने नव्हे, भर रस्त्याने! कप्तान खाली मान घालून बोट धूत होता. आजोबा त्याच्यासमोर थांबले, त्याने वर बघेपर्यंत थांबले, आणि मग पुढे गेले.

"शिंगे, राग गेला का?" परतताना त्यांनी विचारलं.

"थोडा उरलाय," ती खरं तेच बोलली.

"असू दे," आजोबा म्हणाले. "उद्या सकाळी अंगणातली बोट सुलटी करायचीय. जोर लागेल."