एकदा माझ्याकडे माग

शनिवारी दुपारी चार वाजता ख्रिस्ती मंडळीतल्या बायका मुठीचा तांदूळ गोळा करत झा बिकच्या दारी आल्या, आणि झा बिकने उंबऱ्यावरचं मडकं सगळ्यांदेखत पालथं घातलं.

त्यातून एक दाणाही पडला नाही. गावातल्या प्रत्येक घरची बाई भात शिजायला घालण्याआधी एक मूठ देवाची म्हणून बाजूला काढते. आठवड्याच्या मुठी शनिवारी पोत्यात जमतात आणि ती पोती ट्रकने डोंगर उतरून सपाटीवरच्या बायबल शाळेत जातात. धर्मसेवेचं शिक्षण घेणारी पोरं वर्षभर त्याच तांदळावर जगतात. झा बिकची मुलगी पार तिअल त्यांच्यातलीच एक.

"माझ्या पोरीला देव देतो म्हणे," झा बिक म्हणाला. "मग त्याच्या दारी जा. इथं कशाला आलात?"

पोतं धरलेली तिन झिंग नावाची बाई वीस वर्षं हेच काम करत होती. ती शांतपणे म्हणाली, "मडक्यावर कसला राग काढतोस बाबा? फुटलं तर नवं तुलाच आणावं लागेल."

बायका हसल्या, पुढच्या घराकडे वळल्या. आत चुलीपाशी बसलेल्या पार तिअलच्या कानात मात्र ते हसणं कितीतरी वेळ रुतून राहिलं...

सुट्टीतले दोन महिने दूरच्या गावांत लहान मुलांचे वर्ग घेऊन ती पाच दिवसांपूर्वीच घरी आली होती. शाळेचं चौथं, शेवटचं वर्ष उरलं होतं. त्यासाठीचा अर्ज तिच्या पेटीत होता. शेवटच्या वर्षाला अविवाहित मुलीच्या अर्जावर घरच्या कर्त्याची सही लागते, आणि तो मंगळवारी दुपारी बाराच्या आत शाळेत पोचायला हवा. ट्रक सोमवारी सकाळी सहाला निघणार होता. अर्जावर सहीची जागा कोरी होती, आणि ती भरून घेण्यासाठी पार तिअलने तोंड उघडलेलं नव्हतं.

कारण तिने शब्द दिला होता. तीन वर्षांपूर्वी, शाळेत जाण्याच्या आदल्या रविवारी, भर प्रार्थनेत उभं राहून ती म्हणाली होती की यापुढे आपल्या गरजेसाठी ती देवाशिवाय कुणाहीकडे हात पसरणार नाही; ना औषधासाठी, ना चपलेसाठी, ना सहीसाठी. शाळा असा शब्द कुणाकडून मागत नाही. पण शिकणाऱ्या पोरांमध्ये त्याची मोठी चढाओढ असते. त्या दिवशी तिसऱ्या बाकावर बसलेला झा बिक उठून बाहेर गेला, तो पुन्हा देवळात आलाच नाही. संध्याकाळी जेवताना तो एवढंच बोलला, "मला मागणार नाहीस ना? मग न मागता मीही एक दाणा देणार नाही."

तीन वर्षं दोघांनीही आपापला शब्द पाळला, असं सगळा गाव समजत होता.

आणि देवाने खरंच दिलं होतं! थंडीत कुणीतरी तिच्या खाटेवर घोंगडी ठेवून गेलं. तापात पडली तेव्हा वर्गातल्या मुलीची आई औषध घेऊन आली. आणि दर गुरुवारी, वसतिगृहाच्या अंगणात तांदूळ निवडताना, तिच्या सुपात तो काळा दाणा यायचा. मुठीचा तांदूळ शंभर घरांचा. सपाटीवरचा पांढरा, डोंगरातला तांबडा, मध्येच मक्याची कणी. शिजताना अर्धा गिचका होतो, अर्धा दाताखाली कचकचतो. पण जांभळट काळा, लांब टोकदार तो दाणा अख्ख्या मुलखात एकाच घरी पिकायचा. तिच्या आजोबांनी त्याचं बियाणं सीमेपलीकडून आणलं होतं. तो पाहिला की पार तिअलचे डोळे भरून यायचे. 'आत्या बाबांच्या चोरून मूठ टाकते,' असं तिला वाटायचं, आणि रोजच्या प्रार्थनेत ती घरी राहणाऱ्या विधवा आत्याचं नाव घ्यायची.

त्या संध्याकाळी भांडी घासताना ती आत्याला म्हणाली, "आत्या, तुझ्या मुठी मला पोचल्या बरं का. तीन वर्षं."

आत्याने, साई किमने, हातातलं भांडं खाली ठेवलं. "माझ्या मुठी? मी त्या कणगीला बोट लावलं तर तुझा बाप माझा हात मोडील."

"मग काळा तांदूळ कोण टाकतं?"

आत्याने नुसतं कणगीवरचं झाकण काढलं. आत तळाची विणलेली पट्टी दिसत होती. तिथे एक कोळी जाळं करून बसला होता.

"खायचा संपला, मग त्याने बियाण्याला हात घातला," आत्या हळूच म्हणाली. "दर शनिवारी उजाडताना तिन झिंगकडे देऊन येतो. तिला शपथ घातलीय. दुपारी पुन्हा दारात मडकं पालथं घालायला मोकळा... यंदा वरच्या उतारावर मका पेरलाय. तू विचारलं नाहीस, म्हणून कुणी सांगितलं नाही."

रविवारी घंटा झाली तेव्हा तीन वर्षांत पहिल्यांदाच पार तिअल देवळाकडे गेली नाही. चढ चढून ती शेतातल्या राखणीच्या माचावर गेली. झा बिक तिथे पाय सोडून बसला होता. रविवारी कुदळ उचलण्याइतका तो अजून देवावर रागावला नव्हता. समोरच्या उतारावर मका वीतभर आला होता.

"कणगी रिकामी आहे बाबा."

"उंदीर झालेत."

"उंदरांनी नेलेलं बियाणं माझ्या ताटात कसं आलं?"

"देवानं आणून दिलं असेल. सगळ्या गावाला तूच सांगत असतेस ना?"

"हो, देवानंच दिलं," ती म्हणाली. "हात तुमचा होता."

झा बिकने मान वळवली.

"हात," तो म्हणाला. "हाताला कोण विचारतं? पोरी, तुझी आई शेवटच्या आठवड्यात संत्रं मागत होती. भर पावसाळ्यात. दोन दिवस चालून मी ते आणलं. तिला एक फोडही गिळवली नाही, पण तिनं मागितलं होतं... माझ्याकडे. माणसानं मागितलं की कळतं, आपण त्याचे कोण आहोत. तू सगळं वरच मागतेस. मग या घरात मी कोण? दे तो अर्ज. एकदा माझ्याकडे माग, लगेच सही करतो."

"मी मागणार नाही."

"मग मी करणार नाही."

"नका करू. पण मी तो शब्द का दिला, ते आज ऐका." आता तिचे अश्रू थांबत नव्हते आणि ती ते पुसतही नव्हती. "आईच्या आजारात तुम्ही दारोदार गेलात. मी तुमच्या मागे उभी होते. काकांनी तुम्हाला अंगणातच ताटकळत ठेवलं, कुत्र्याला आधी खायला घातलं, मग तुमच्याशी बोलले. मी बारा वर्षांची होते, बाबा. तेव्हाच ठरवलं की माझ्यासाठी तुम्हाला कुणाच्या अंगणात उभं राहायला लागता कामा नये. म्हणून सगळं देवावर टाकलं. देवानं तरी कुणाला अंगणात ताटकळत ठेवलेलं मी पाहिलं नाही."

झा बिकचा चेहरा एकदम म्हातारा दिसू लागला. त्याने तोंडावरून हात फिरवला.

"ते उभं राहणं माझं होतं," अखेर तो पुटपुटला. "तुझ्या आईसाठी होतं. मला त्याची लाज कधीच वाटली नाही. आणि तू ते माझ्याकडून काढून घेतलंस... मला न विचारता."

तीन वर्षं पार तिअल शास्त्र शिकली होती, अंगणात उभ्या राहिलेल्या माणसाचा मान तिला कुणी शिकवला नव्हता. ती त्याच्या शेजारी बसली. खालून देवळातल्या गाण्याचा आवाज येत होता. दोघांनी तो शेवटपर्यंत ऐकला.

उतरताना ती म्हणाली, "मी जाणार. सही असो नसो. शाळेच्या फाटकाशी बसून राहीन."

"माहीत आहे," झा बिक म्हणाला. "तुझ्या आईचा हट्ट."

सोमवारी सहाला ट्रकच्या मागच्या फळीवर ती पेटी घेऊन चढली, आणि तिच्यामागे झा बिक चढला. खांद्याला झोळी, खिशात पेन. त्याने हात पुढे केला. तिने अर्ज दिला. तो घडी करून त्याने खिशात ठेवला.

"सही करणार?" आत्याने खालून विचारलं.

"पोरीनं तोंड उघडलं तर."

"अगं, उघड की तोंड," आत्या म्हणाली. "मेलं तुमचं दोघांचं."

फलाम गावाच्या पुढे दहाच्या सुमाराला दरड कोसळलेली आढळली. ट्रक पुढे जाईना. पलीकडे गाडी मिळेल या आशेने लोक चिखलातून चालू लागले. झा बिकने पेटी डोक्यावर घेतली. पार तिअलने 'द्या' म्हटलं नाही, त्यानेही 'घेऊ का' विचारलं नाही.

अर्ध्या वाटेत तिचा पाय घोट्यापर्यंत रुतला. "बाबा, थांबा जरा."

तो वळला. "मागितलंस."

"थांबायला सांगितलं. मागितलं नाही."

"बाप आहे मी. फरक मला कळतो." तो थांबला मात्र, पेटी खाली ठेवली, तिचा पाय दोन्ही हातांनी चिखलातून ओढून काढला, चप्पल शोधून, धुवून तिच्यासमोर ठेवली. ती बघत राहिली. मग तिने त्याच्या खांद्यावर हात टेकून चप्पल घातली. त्यासाठी तिने परवानगीही मागितली नाही.

संध्याकाळी पाचपर्यंत पलीकडे एकही गाडी आली नव्हती. पहाटे एक जीप निघेल, असं चहावाली सांगत होती. बापलेक तिच्या बाकावर एका थाळीतला मक्याचा भात खात, तिन झिंगला शपथ घालणं पाप होतं की नाही, यावर मोठमोठ्याने वाद घालत होते. शाळा तिथून चाळीस मैल होती. अर्ज झा बिकच्या खिशात होता, आणि त्यावर सही झालेली नव्हती.