पहिली हाक

येलवाल गावाहून हिरडे घेऊन आम्ही दोघं बैलगाडीनं अग्रहारातल्या घरी परतलो, तेव्हा रस्त्यावरचे नवे विजेचे दिवे नुकतेच लागत होते. आम्ही रंगारी; हिरड्याशिवाय कापडावर काळा रंग धरतच नाही. मी घरात समई लावली आणि यांना म्हटलं, बसा जरा. बसले. सांगितलं नसतं तर उभेच राहिले असते!

हसू नकोस गं वनजा. तू या घरात नवी सून, म्हणून सांगते. तुझ्या सासऱ्यांना पानावरून उठायलासुद्धा कुणीतरी 'उठा' म्हणायला लागायचं. मी मुद्दाम उशीर करून थट्टा करायची, आणि मग माझंच काळीज तुटायचं. लहानपणी रंगवायला आलेलं कुणाचं तरी जरीचं उपरणं हरवलं, आळ यांच्यावर आला, आणि पार मिसरूड फुटेपर्यंत तुरुंगात राहिले. तिथं संध्याकाळी जमादार एकेकाचं नाव पुकारायचा. पहिल्या हाकेला 'हाजिर' आलं नाही तर वेताची छडी.

आणि आमच्या घरची रीत नेमकी उलटी. दिवे लागल्यावर बाहेरून हाक आली, तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. माणूस असेल तर पुन्हा हाक मारील. दुसरं काही असेल तर ते एकदाच हाक मारतं, आणि ओ देणाऱ्याला घेऊन जातं.

हिरडे आणले त्या संध्याकाळी यांच्या नावानं हाक आली. "मानाजी..."

जमादार मरून वर्षं लोटली होती. पण आवाज मीही ऐकला, अंगणातून. अगदी त्याच्याच थाटात, असं हे नंतर म्हणाले. हे ताडकन उठले, 'हाजिर' म्हणाले आणि दाराकडे चालू लागले. मी कमरेला मिठी मारली म्हणून राहिले. अंग गार पडलं होतं. मग रोजच हाक यायची, आणि रोज हे थोडे आणखी पुढं जायचे. एकदा तर अंगणात भिंतीला पाठ लावून उभे सापडले. मला कळून चुकलं, एक दिवस हा माणूस माझ्या हातचा जाणार.

अय्यो, मी काय अशी सोडते होय! पुढच्या संध्याकाळी हाक आली, आणि यांच्या आधी मीच म्हटलं, "हाजिर."

हे बसूनच राहिले. त्या रात्री चक्क घोरले. इतकं गोड घोरणं मी जन्मात ऐकलं नव्हतं. मग यांच्या वतीनं रोज मीच ओ देऊ लागले.

एकदा समईत तेल घालत होते, तोच बाहेरून आवाज आला, आणि या वेळी नाव माझं, "अंबू..."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात यांनी ते तळव्यानं घट्ट दाबलं आणि मला छातीशी ओढलं. जन्मभर हुकमाशिवाय न हललेला माणूस! हात काही काढला नाही. कानाशी म्हणाले, "नको... तू नको." मी ओठ मिटून घेतले. शपथेवर सांगते, श्वाससुद्धा सोडला नाही.

आणि अंगणातून, माझ्याच आवाजात, उत्तर गेलं, "हाजिर."