शेजारणीचा निरोप

"मेल्या गं बाई... परत मेल्या!"

सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून कादंबरी मराठीत पुटपुटली. जबलपूरच्या त्या कॉलेजात मराठी कळणारं कोणी असेल, हे तिच्या गावीही नव्हतं.

"काहून मेल्या?"

ती दचकली. दारात ढगळ स्वेटरातला एक उंच मुलगा उभा — शेजारच्या लॅबमधला अश्वजीत. त्याचे आजोबा विदर्भातून रेल्वेच्या नोकरीवर इथे आले, आणि त्यांची मराठी हिंदीच्या गराड्यात घरापुरती तग धरून राहिली.

सातारा सोडून आलेल्या कादंबरीला मदन महल भागातल्या भाड्याच्या खोलीत दिवस-दिवस स्वतःचा आवाजही ऐकू येत नसे. बडा फुहाऱ्याच्या बाजारातून हौसेनं आणलेली रजाई एकटीला फार मोठी व्हायची. या खेपेलाही काचेच्या डिशमधल्या कातडीच्या पेशी वाढल्या नाहीत, तर शनिवारी दुपारी घरच्या गाडीत बसायचं, ते कायमचंच, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

आणि हा अश्वजीत रोज काहीतरी घेऊन दारात हजर.

"चलो, चाय घेऊ?"

"आई म्हणून राहिली, रविवारी जेवाले आन त्या मॅडमले."

"आज नको," ती म्हणायची. जायचंच आहे, तर जीव कशाला लावायचा?

गुरुवारी ती पेशींवरचा जुना द्रव ओतून टाकून ताजा घालत होती.

"हे रोज करता?" अश्वजीतनं विचारलं.

"रोज. स्वच्छ नको का?"

"म्हणून तर मरून राहिल्या! पेशी याच पान्यातून शेजारणीले निरोप पाठवते. निरोप भेटला का ती दुभंगते, दाटी झाली का थांबते. तवाच नीट कातडी बनते. तुमच्या आधीच मोजक्या... अन् तुमी त्यांचे निरोपच फेकून राहिल्या."

तिनं कपाळावर हात मारला. हे सगळं तिनं वाचलेलं होतं. पण हाताला वळण आईचं, शिळं दिसलं की ओतून मोकळं व्हायचं.

"माझ्या डिशमधी भरपूर दाटी आहे," तो म्हणाला. "तिचं पानी घ्या."

"म्हणजे... उष्टं?"

"गाळून देतो न!"

कितीतरी दिवसांनी ती खळखळून हसली. आणि त्यानं गाळून दिलेलं पाणी तिनं आपल्या डिशमध्ये घातलं.

शनिवारी सकाळी ती बॅग घेऊनच लॅबमध्ये आली. डिश सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि डोळा लावला. एक पेशी गोल होऊन मधोमध आवळली होती. तिच्या बाजूला नुकतीच झालेली एक जोडी. पलीकडे आणखी एक!

"अश्वजीत! बघा ना..."

तो हातातल्या डिशसकट धावत आला, ती टेबलावर ठेवून वाकला. त्याच्या स्वेटरची बाही तिच्या हाताला लागली. दोघंही हलली नाहीत.

"भेटला निरोप," तो हळूच म्हणाला. मग सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढताच — "कादंबरीजी... मी भी कवापासून पाठवून राहिलो. चाय, आईचं जेवन... तुमी ते भी रोज फेकून देता."

या शहरात आपलं कोणी नाही म्हणून ती रोज रडली होती, आणि आपलं होऊ पाहणाऱ्याला रोज तीच परत पाठवत होती. तिनं बॅग पायानं टेबलाखाली ढकलली.

"उद्या रविवार ना?" ती म्हणाली. "येऊ मी... जेवायला?"

"आईले सांगून येतो!" म्हणत तो जो पळाला, तो आपली डिश तिथेच विसरून.

कादंबरीनं ती उचलली आणि पेशींच्या उबेच्या कपाटात आपल्या डिशला लागून ठेवली.