बाहेरून उघडणारी दारं

"आज वीज यायची नाही. का नाही, हे सांगायलाही कुणी यायचं नाही. बसा गुमान." हवानाजवळच्या ग्वानाबाकोआच्या अंधारात ओट्यावर पाय पसरत म्हातारा मेकॅनिक फेर्मिन म्हणाला.

"आजा, भुताची गोष्ट?" पोरं सरकून बसली.

"ओस्मेलची. ओळखता ना त्याला? मग खोटं म्हणू नका."

गेल्या नोव्हेंबरातला दुसरा शुक्रवार. रात्री अकराच्या सुमारास ओस्मेल बापाची सत्तावन्न सालची शेवरले घेऊन समुद्रकाठच्या वाराडेरोला निघाला. तिथल्या एका हॉटेलवाल्याला पाहुणे फिरवायला अशीच गाडी हवी होती. पाहुणे तिच्या शेपटाच्या पंखांना टेकून फोटो काढतात. टॅक्सी म्हणून ती घरादाराचं पोट कशी भरते, हे कोण विचारतो? सकाळी सौदा, त्या पैशात माद्रिदचं तिकीट. बायको आणि लेक तिकडे दोन वर्षं वाट बघत होत्या. निघायला रात्रच बरी; दिवसा वळणावळणाला हात वर होतात, आणि रिकामी गाडी थांबली नाही की आयमाय निघते.

"विकू नकोस," फेर्मिन म्हणाला होता. "बाप कबरीत कूस बदलेल."

"बदलू दे की! जन्मभर गाडीखाली आडवाच होता, तेवढाच बदल."

प्रवासी दारं आपटतात म्हणून बापाने आतली हँडलं कधीच काढून टाकली होती. उतारूला ड्रायव्हरने बाहेरून दार उघडून द्यायचं. ड्रायव्हरने स्वतः खिडकीतून हात बाहेर घालायचा.

बाकुनायाग्वाच्या पुलाआधी समुद्राचा गार वारा सुटला. ओस्मेलने काच वर केली.

पुलावर इंजिन बंद पडलं. बाप गेल्यावर महिन्याभरात त्याने मूळचं पेट्रोलचं इंजिन भंगारात घालून ट्रकचं डिझेल इंजिन बसवून घेतलं होतं. दोनदा खोकलं, गप्प झालं. तो काच खाली करू लागला. काच फिरवायची मूठ नुसतीच गरगरली. बाकीच्या काचा तर कधीच्या जाम. पाना डिकीत. खांदा मारला. लाथ मारली. श्वासाने काचा धुरकटल्या. बाहेर एक दिवा नाही.

त्याने किल्ली काढून मुठीत धरली.

आणि इंजिन सुरू झालं.

ट्रकचा खडखडाट नव्हता. मऊ... खोल... लहानपणी बापाच्या मांडीवर बसून ऐकलेला आवाज.

"बाबा?"

...

"बाबा, जाऊ द्या मला. पोरगी आहे हो तिकडे."

...

स्टिअरिंग हळूच फिरलं. त्याने दोन्ही हातांनी धरलं. फिरतच राहिलं. गाडी वळली. हवानाकडे.

पहाटे शेजाऱ्यांनी त्याच्याच दारात गाडीचं दार बाहेरून उघडलं. ओस्मेल आत बसलेला, आवाज बसलेला. हॉटेलवाल्याने दुपारी दुसरीच गाडी घेतली.

"झोप लागली असेल त्याला," एक पोरगा म्हणाला. "स्वप्न पडलं असेल."

"मीही तेच म्हटलं रे." फेर्मिनने आवाज खाली आणला. "बॉनेट उघडलं. आत मीच बसवलेलं डिझेल इंजिन... बर्फासारखं गार. मग टाकीचं झाकण काढलं."

त्याने बोटं नाकाशी नेली.

"महिनाभर अख्ख्या हवानात पंपावर थेंब नव्हता, पोरांनो. टाकी काठोकाठ भरलेली... पेट्रोलने."