तिठ्यावर टाकलेली पाच तेत्री

अगं, जेवण राहू दे बाजूला, आधी ऐक! आपली शिवांगी, मस्कतला अल् घुब्रात असते ती, तिच्याकडे आज काय झालंय माहितीये?

तिच्या उर्वीचा ताप उतरतच नव्हता. एवढीशी पोर, अंग नुसतं तव्यासारखं. डॉक्टर म्हणाले व्हायरल आहे, रिपोर्ट क्लिअर आहेत, औषध चालू ठेवा. नवरा प्रशांत साइटवर, तिकडे लांब इब्राला. शेवटी हिने देवरुखला सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला. गंगुबाईंनी पोरीकडे बघितलं नि म्हणाल्या, "दृष्ट आहे ही. एक नाणं ओवाळ तिच्यावरनं, तिठ्यावर टाक, नि मागे वळून बघू नको. जो उचलेल, त्याच्याबरोबर जाईल."

आता मस्कतमध्ये नाणं कुठून आणायचं? सगळं कार्डावर! शोधता शोधता ड्रॉवरमध्ये एकच सापडलं. ईदच्या सुट्टीत जॉर्जियाला गेले होते ना, तिथलं, पाच तेत्री. एका बाजूला सिंह. तिथेसुद्धा त्यात काही येत नाही, इथे तर कोण विचारतंय! पण नाणं ते नाणं, म्हणून हिने तेच ओवाळलं आणि खाली उतरली.

तिथली उन्हाळ्यातली दुपार म्हणजे ना, मध्यरात्र परवडली. शटरं खाली, रस्त्यावर मांजर नाही. तापलेल्या डांबराचा वास, आणि सगळ्या बिल्डिंगांचे एसी एका सुरात घुमतायत. हिने नाणं टाकलं. खण्णकन वाजलं. ही वळली, चालायला लागली.

तर मागून चपला फरफटत आल्या. लहान पायांत मोठ्या चपला घातल्या की कसा आवाज येतो? तस्सा.

ती पळाली नाही, वळलीही नाही. पण लिफ्ट उघडली, तर समोर अख्खा आरसा! आरशात बघितलं म्हणजे मागे बघितलंच की. डोळे गच्च मिटून आत शिरली, चाचपडत बटण दाबलं. कुणाचा तरी गरम श्वास लागत होता. मानेला नाही गं... कमरेला.

मजल्यावर उतरून डोळे उघडले, तर दारातल्या पायपुसण्यावर नाणं. सिंह वर.

तिने तिथूनच सासूबाईंना फोन लावला.

"कसलं नाणं टाकलंस?"

"जॉर्जियाचं..."

"अगो, जे कोणाच्या कामाचं नाही, ते उचलणार कोण? मग ते जाणार तरी कुठे?"

तेवढ्यात शेजारची अमरीन पेज घेऊन आली. आपल्या श्रीवर्धनची, हिची एकदम जिवाभावाची. "काय गो, दारात पैसे पेरलेस की काय? पीक येईल तेव्हा सांग हां!" वाकून तिने नाणं उचललंसुद्धा. "तुझं ना हे?"

आत उर्वी कण्हत होती. शिवांगीने एकदा आत बघितलं, एकदा अमरीनकडे.

"नाही... माझं नाही."

"मग आमच्या पोरीला देते, तूबाला. तिला असलं जमवायचा नादच आहे."

अमरीन आपल्या घरात शिरते न शिरते, तोच आतून हाक आली, "आई, भूक लागली." कपाळ गार! पोरीने वाटीभर पेज संपवली. शिवांगी नुसती रडत बसली.

आणि आत्ता दिवेलागणीला, मगरिबच्या सुमारास बेल वाजली. हिने दाराच्या भिंगातून बघितलं. अमरीन, एकटीच. चेहरा उतरलेला.

"शिवांगी, थर्मामीटर दे गं. तूबा एकदम तापलीय, डोळे उघडत नाहीये. आणि हे नाणं... मुठीतनं सोडतच नव्हती, जबरदस्तीने काढलंय. काहीतरी आहे गं ह्यात. तू घे परत, तुझ्या दारातलंच ना?"

शिवांगीचा हात कडीवर गेला. तेवढ्यात दार वाजलं.

पण अमरीनचे दोन्ही हात तिला भिंगातून दिसत होते. एकात फोन, दुसऱ्यात नाणं. दार वाजत होतं ते खालून, कमरेच्या उंचीवरून. हळू हळू... अगदी शहाण्या मुलासारखं. आणि अमरीनला ते ऐकूच येत नव्हतं!

हे सगळं व्हॉइस नोटमध्ये सांगितलंय तिने, कुजबुजत. अजून कडीवर हात ठेवून उभी आहे. मागे आवाज येतोय, टक... टक... मला विचारतेय, उघडू का?

मी काय सांगू गं तिला? तू असतीस, तर काय केलं असतंस?