चौथा काळ

मास्तर त्या दुपारी स्टुडिओत आले ते एका क्रियापदासाठी. सिनेमातल्या टोळीची भाषा त्यांनी आणि त्यांच्या बायकोने मिळून बनवली होती. दिग्दर्शकाला आता त्यात एक वाक्य नव्याने हवं होतं, ‘मला नवरा होता.’ अर्ध्या तासात उरकून घरी जाऊ, असा मास्तरांचा बेत.

पण त्या भाषेत भूतकाळच नव्हता. काळ तीनच. डोळ्यांसमोर आहे ते ‘सेन’, नुसतं ऐकू येतं ते ‘सेनी’, येणार आहे ते ‘सेनो’. भूतकाळाचं नाव काढलं की बायको हात झटकायची. “गेलेलं जातं कुठे? दिसत नाही, एवढंच.” दोघांचा नियम असा, की एकाने नवं रूप उच्चारायचं आणि दुसऱ्याने मागून म्हणायचं, तेव्हाच ते भाषेत आलं. मास्तरांनी भूतकाळासाठी ‘सेनार’ कितीदा म्हणून पाहिलं. ती ढिम्म. दवाखान्यातल्या खाटेवरही तिने ते म्हटलं नाही, आणि गेली. तेव्हापासून ‘ती होती’ असं म्हणायला मास्तरांची जीभ मराठीतही रेटत नव्हती.

आज त्यांनी नियम गुंडाळून ठेवला. नटीला ‘सेनार’ पढवलं. काचेपलीकडच्या खोलीत जाऊन तिने ते नीट म्हटलं. रेकॉर्डिंग वाजवलं तर ‘सेनी’.

“अहो बाई, सेनार.”

“तेच तर म्हणाले, मास्तर.”

पुन्हा घेतलं, पुन्हा सेनी. माईक बदलला, वायर बदलली. रेकॉर्डिस्ट वैतागून म्हणाला, “मशीन ठणठणीत आहे हो. मी काय करू?”

मास्तरांच्या डोक्यात तिडीक गेली. जिवंतपणी तिने हट्ट केला ते ठीक. मेल्यावरही हेका सोडायचा नाही म्हणजे काय?

“बाई, तुम्ही बाहेर या. मी म्हणतो.”

जाड दार लागलं आणि बाहेरचं सगळं बंद झालं. आत धुळकट फोमचा वास होता, आणि त्यामागून मलमाचा, तिच्या पाठीला ते रोज चोळायचे त्याच मलमाचा. मास्तरांनी हेडफोन चढवला. त्यात कुणीतरी सावकाश श्वास घेत होतं.

“ऐक,” ते पुटपुटले. “थकलो मी... तुझ्यामागे जगायचं तर मला हा शब्द हवाय गं. एकदाच म्हण. सेनार.”

हेडफोनमध्ये ती हसली, भांडणात माघार घेताना हसायची तशी.

“घुमा सेनार...”

घुमा होता. त्यांना घुमा म्हणणारी जगात ती एकटीच.

“मी नाही... तू,” मास्तर ओरडले. “तू सेनार.” त्यांनी काचेवर थापा मारल्या.

रेकॉर्डिस्टने मान वर करून त्यांच्याच दिशेने पाहिलं, डोळे बारीक केले आणि बटण दाबलं. “मास्तर, आत आहात ना? आतून कुण्या बाईंचा आवाज स्वच्छ येतोय... तुम्ही मात्र अजून काहीच बोलला नाहीत.”