उलट्या आकाशाचे तीनशे अकरा तारे

"तुमच्या हरणाला शेपूट नाहीये," दारातून कुणीतरी म्हणालं.

तिने मान वळवली नाही. समोरच्या स्क्रीनवर अंतराळ चालू होतं. एका जुन्या मालिकेच्या तिसऱ्या सीझनचा पहिला भाग, त्यातला पहिलाच शॉट. भरकटलेलं यान अंधारातून हळूच बाहेर येतं, कॅमेरा ताऱ्यांवरून संथ सरकत जातो आणि कप्तान म्हणतो, "आकाश ओळखीचं आहे... पण आपलं नाही."

"कुठलं हरीण?" तिने विचारलं.

"मृग नक्षत्र. ते बघा — चार पाय, पोटात घुसलेला बाण. बाणाखाली तीन बारीक तारे असतात, ती शेपूट. ती गेलीय."

"आणि तुम्ही कोण?"

"तारांगणातून आलोय. शनिवारी आमच्याकडे खेळ आहे ना, त्याची फाईल न्यायला. शेजारच्या खोलीत जायचं होतं, दार चुकलं." तो जरा थांबला. "तसं... फार काही चुकलं नाही."

आता तिने मान वळवली. पावसाने अर्धवट भिजलेला शर्ट, काखेत छत्री, आणि छत्री पूर्ण कोरडी. म्हणजे हा माणूस ती उघडायची विसरला होता.

"हे परग्रहावरचं आकाश आहे," ती गोड आवाजात म्हणाली. "तिथल्या हरणांना शेपूट नसेल."

"असते. मी मोजलीय."

जुन्या फिल्म जपणाऱ्या त्या संस्थेत तिला सगळे 'भिंग' म्हणायचे. तिचे बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्याला लावायचं त्यांचं भिंग ती शाळेत असल्यापासून खिशात घेऊन फिरे, आणि तिच्या नजरेतून काही सुटत नाही अशी तिची ख्याती होती. तिला या ख्यातीचा अभिमान होता. थोडा नाही, चांगला भरपूर होता.

"कधी मोजलीत?"

"रोज. हे आकाश आमच्या आत्याने टोचलंय. काळं कापड, त्यात सुईने पाडलेली तीनशे अकरा भोकं, मागून दिवे. या मालिकेच्या कपडेपटात ती शिवणकाम करायची. मालिका संपल्यावर पडदा कचऱ्यात चालला होता, तो तिने घरी आणला आणि खिडकीला लावला. मी त्या खिडकीखाली अभ्यास केला... म्हणजे अभ्यास सोडून तेवढंच केलं."

ती हसली नाही. तिने मूळ स्कॅन उघडलं आणि त्याच जागी नेलं. बाणाखाली तीन फिकट ठिपके होते. स्पष्ट.

मग तिच्या स्वच्छ केलेल्या फाईलमध्ये ते कुठे गेले, हे तिला लगेच कळलं, आणि कान गरम झाले. फिल्मवरची धूळ एखाद्याच फ्रेममध्ये दिसते, पुढच्या फ्रेममध्ये नसते. सॉफ्टवेअर तेवढ्यावरून तिला ओळखतं आणि पुसतं. पण बारीक तारेही जुन्या फिल्मच्या दाण्यांत असेच हरवतात, पुन्हा उगवतात. काळोख काजळासारखा हवा म्हणून तिने सफाईची पातळी एक घर वर नेली होती. बारीक ताऱ्यांना धूळ समजून तिने झाडून टाकलं होतं. तिने मोजले. त्रेचाळीस.

आणि कालच तिने 'काम पूर्ण' म्हणून सही केली होती. शेवटच्या पाटीवर पहिल्यांदाच तिचं नाव येणार होतं.

"शनिवारी तुमची आत्या येणार आहे?"

"पहिल्या रांगेत. परवाच केस काळे करून बसलीय." भिंगाचा चेहरा पाहून तो घाईने म्हणाला, "पण तिचे डोळे आता अधू झालेत. तिला कळणार नाही. मीही बोलणार नाही, शपथ."

"म्हणजे चूक तशीच सोडायची?"

"तसं नाही, पण—"

"तिला नाही कळणार. मला कळलंय ना."

तो तिच्याकडे बघत राहिला. मघाशी ताऱ्यांकडे बघत होता, अगदी तसा.

विभागाच्या प्रमुख बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढला. हे चिन्ह चांगलं नव्हतं.

"चूक यंत्राची की तुझी?"

"माझी, बाई. पातळी मी वाढवली."

"हं. शुक्रवारी चार वाजेपर्यंत वेळ देते. झालं तर झालं. नाही तर फाईल आहे तशी जाईल, आणि पाटीवर तुझं नाव असणार नाही. अर्धवट कामावर मी कुणाचं नाव घालत नाही."

शॉट शहाण्णव सेकंदांचा. सेकंदाला पंचवीस फ्रेम. म्हणजे चोवीसशे फ्रेम, त्याही हाताने. कारण कुठला ठिपका तारा आणि कुठला धूळ, हे आता यंत्राला विचारण्यात अर्थ नव्हता. ते एकाच गोष्टीला विचारता येणार होतं.

बुधवारी सकाळी तो पडदा घेऊन आला. नळीवर गुंडाळलेला, जुन्या चादरीत बांधलेला. या वेळी छत्री उघडलेली होती. पण पडद्यावर धरलेली, स्वतःवर नाही.

त्याने तो तिच्या खोलीच्या खिडकीला लावला आणि बाहेरच्या उजेडात तीनशे तारे एकदम लागले. तिने पडद्याकडे पाहिलं, स्क्रीनकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

"उलटा लावलाय तुम्ही."

"शक्यच नाही. मी रोज लोकांना आकाश दाखवतो. व्याध या बाजूलाच असतो."

"तारांगणात असेल. इथे त्या बाजूला आहे."

तो कपाळावर हात मारून हसत सुटला. "आत्याने नकाशा समोर ठेवून मागच्या बाजूने टोचलं होतं. त्यामुळे कॅमेऱ्याला सगळं आकाश आरशातल्यासारखं दिसलं. शूटिंग होईपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. ओळखीचं पण आपलं नाही! कप्तानाच्या वाक्याला नेमकं तेच हवं होतं. वर्तमानपत्रांनी दिग्दर्शकाच्या कल्पकतेची तारीफ केली. आत्या अजून म्हणते, सुई मी चुकवली आणि हार त्यांच्या गळ्यात पडले."

"आणि तुम्ही?"

"मी आकाश उलटंच शिकलो. कॉलेजच्या पहिल्या तासाला सगळी नक्षत्रं उलट दाखवली. आता सवयीने सरळ लावतो." त्याने पडदा काढून फिरवला. "बघा, तुमच्यामुळे पुन्हा लहान झालो."

तीन दिवस तो सकाळी दोन तास येत राहिला. तारांगणाचे खेळ दुपारी असत, असं त्याचं म्हणणं. तो पडद्याजवळ उभा राहून तारा सांगे, ती फ्रेममध्ये तो शोधून खूण करी. ऊन सरकलं की भोकांतले कवडसे तिच्या हातावर, कधी गालावर उतरत.

"तुमच्या गालावर रोहिणी आहे."

"कामात लक्ष द्या."

"कामातच आहे. रोहिणी मोजायचीच होती."

तिने मान खाली घातली... पण गाल तिथून हलवला नाही.

गुरुवारी सकाळी ती अडली. "एक तारा सापडत नाहीये. कोपऱ्यातला, जरा मोठा. मूळ स्कॅनमध्येही नाही. पडद्यावर मी दोनदा मोजलं, भोकं तीनशे बारा आहेत."

तो खिडकीबाहेर बघू लागला.

"तुम्ही म्हणाला होतात तीनशे अकरा."

"एक... माझं आहे. नऊ वर्षांचा होतो. कंपासपेटीतल्या कर्कटकाने पाडलं. आत्याने असा धपाटा घातला होता की त्या दिवशी खरे तारे दिसले." मग तो हळूच म्हणाला, "हवं तर... फिल्ममध्येही घालता येईल ना? एकच. कुणाला कळणार आहे?"

तिने भिंग खाली ठेवलं. "नाही. जे होतं ते परत आणायचं. जे नव्हतं ते घालायचं नाही. तुझं असलं तरी."

'तुझं' म्हणून गेल्याचं तिला उशिरा कळलं. त्याला लगेच कळलं होतं.

"बरं," तो म्हणाला. त्याच्या आवाजात नकाराचं दुःख कुठेच नव्हतं. "तुझं बरोबर आहे."

शुक्रवारी चारला सात मिनिटं कमी असताना तिने शेवटची फ्रेम बंद केली. बाईंनी पूर्ण शॉट पाहिला, एकदा नाही, तीनदा. मग शेवटच्या पाटीचा मजकूर वाचला आणि भुवई वर गेली.

"दोन ओळी? या पाटीवर फक्त दुरुस्ती करणाऱ्याचं नाव जातं."

"बाई, त्या आकाशाखाली कुणाचंच नाव नव्हतं. ते माझ्या आधीचं काम आहे. त्याच्यावर चढून मी एकटीच कशी उभी राहू?"

बाईंनी पेन शोधलं. सही केली. "त्यांची ओळ वर घे," एवढंच म्हणाल्या.

शनिवारी तारांगणाचं सभागृह गच्च भरलं होतं. यान बाहेर आलं, कॅमेरा सरकला. पहिल्या रांगेतून शांत अंधारात एक खणखणीत आवाज आला, "शेपूट आहे हो." सगळं सभागृह हसलं. कशाला, ते फक्त तिघांना माहीत होतं.

शेवटी पाटी आली. 'आकाश' असं लिहिलेलं आणि त्यापुढे आत्याचं पूर्ण नाव. खाली दुरुस्ती करणारीचं. भाच्याने वाचून दाखवायच्या आत आत्याने पुढे झुकून ते स्वतःच वाचलं. एक एक अक्षर. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. लोक टाळ्या वाजवत उभे राहिले तेव्हा ती मात्र बसून राहिली, ताठ, महाराणीसारखी.

"अक्षरं जरा मोठी चालली असती," ती म्हणाली, आणि मागे हात करून मागच्या रांगेत बसलेल्या भिंगाचा हात घट्ट धरला. सोडलाच नाही.

रविवारी दुपारी पडदा पुन्हा आत्याच्या खिडकीला लागला. भिंग चहाला आली होती. आत्याने चहाआधी शिवणाचा डबा उघडला, त्यातून एक सुई काढली आणि तिच्यापुढे धरली.

"सिनेमात तुम्हाला घालता येत नाही, ते मला पटलं. हा मला सगळं सांगतो, न विचारता. पण हा पडदा माझा आहे. इथे माझं चालतं." तिने कोपऱ्यातल्या मोठ्या भोकावर बोट ठेवलं. "याचं कधीचं एकटंच आहे बिचारं. शेजारी तुझं एक घाल. तुझी इच्छा असेल तरच हं."

भिंगाने त्याच्याकडे पाहिलं. रोज शेकडो लोकांसमोर न अडखळता बोलणारा तो माणूस कपबशीशी खेळत होता.

"तू काही बोलणार आहेस?" तिने विचारलं.

"मी... मला वाटलं, तू मोजून घेशील."

"मोजलंय. कधीच. गुरुवारी."

तिने सुई घेतली आणि पडद्यामागे गेली.

"मागूनच मार," आत्या म्हणाली. "आमच्या घरची तीच पद्धत."

भिंगाने जागा नीट पाहिली, एक केसभर अंतर ठेवलं आणि सुई टोचली. पडद्याच्या अलीकडे, त्याच्या पांढऱ्या शर्टावर, एका जुन्या कवडशाच्या शेजारी एक नवा कवडसा येऊन बसला.

"तीनशे तेरा," तो म्हणाला.